मुद्दाम पाडलेले भोक

पनवेलहून रोह्याकडे जाणारी पॅसेंजर आपटा सोडते आणि हमरापूरच्या आधी जिते हे लहानसे स्थानक येते. पेण तालुक्याचा हा भाग म्हणजे डोंगर आणि खाडी यांच्यामधला चिंचोळा पट्टा. पाताळगंगा आणि अंबा या नद्या पुढे धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या समुद्राला मिळतात, आणि भरतीचे खारे पाणी उलट वाटेने पार आत, भाताच्या शेतांच्या बांधांपर्यंत चढते. म्हणून इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले आणि बांधात उघाड्या ठेवल्या. ओहोटीला पावसाचे पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर जाते. भरती आली की खाडीचेच पाणी ती झडप घट्ट मिटवते. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा केला तेव्हा त्याच्या मुळाशी हीच जुनी व्यवस्था होती. बांध अखंड ठेवून भागत नाही, त्याला भोक लागतेच. आणि भोक ठेवले की त्यावर पहारा लागतो. याच खाडीतून ये-जा करणाऱ्या बोटींच्या तळाशी नेमका असाच एक पहारेकरी बसलेला असतो. पाण्याखाली असल्यामुळे तो कुणाला दिसत नाही, आणि त्याचा इतिहास सांगायला आजवर फारसे कुणी बसलेले नाही.

मागे जाण्यापूर्वी आपण ती वस्तू नीट पाहून घेऊ. इंजिन असलेल्या बहुतेक बोटींच्या तळाला, पाण्याच्या रेषेखाली, एक भोक पाडलेले असते. त्यात बाहेरून दट्ट्यासारखी धातूची नळी बसवून आतून नट आवळतात, आणि नळीच्या आतल्या टोकावर सी-कॉक, म्हणजे हाताने फिरवायची तोटी. तोटीपुढे गाळणी. गाळणीपुढे जाड रबरी पाईप, त्याच्या प्रत्येक टोकाला शक्यतो दोन-दोन क्लिपा. मग पंप. पंपाने ओढलेले खारे पाणी इंजिन थंड करून धुराबरोबर मागून बाहेर पडते. बोट सुटली की तांडेल आधी मागे वाकून पाहतो: ‘पाणी मारतंय का?’ मारत नसेल तर दोष बहुधा त्या तळातल्या भोकापाशी किंवा त्याच्या जवळपास असतो. आणि हे भोक उघडे पडले तर काय होते याचा हिशेब अवघड नाही. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचे भोक मोकळे राहिले, तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. तासाभरात आठ टनांहून अधिक.

माणसाने बोटी बांधायला घेतल्या तेव्हापासून हजारो वर्षे भोक म्हणजे निव्वळ शत्रू होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाच्या अनाम लेखकाने आपल्या किनाऱ्यावरची कल्याण आणि चौल ही बंदरे नोंदली. अरबी समुद्रातली जी जहाजे त्याने वर्णिली त्यांत फळ्या एकमेकींना काथ्याने शिवलेल्या जहाजांचाही समावेश आहे. शिवायचे म्हणजे फळीला शेकडो भोके पाडायची आणि ती सगळी पुन्हा बुजवायची. बोट बांधणाऱ्याचे अर्धे कौशल्य या बुजवण्यात होते. फटींत कापूस ठोकणे, वर राळ आणि तेल, तळाला चुन्याचा लेप: हा क्रम कोकणात शतकानुशतके चालला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीकडे आपल्या आरमाराची बांधणी सुरू केली, पुढे आंग्र्यांची गुराबे आणि गलबते कुलाब्याहून निघू लागली. त्यांनाही तळातून पाणी आत घेण्याचे कारण नव्हते. डेक धुवायला समुद्र हाताशी होता आणि बालदीला दोर होता. आत झिरपलेले पाणी उपसायचे, नवे आणायचे नाही.

तोटी मात्र तेव्हाही जुनी होती, आणि तिचा एक विसरलेला पूर्वज जहाजावरच सापडला. ‘पेरिप्लस’च्याच शतकात रोमन सम्राट कॅलिगुला याने रोमच्या दक्षिणेला नेमी नावाच्या छोट्या तळ्यात दोन प्रचंड विलासी नौका तरंगवल्या. १९२९ ते १९३२ या काळात तळ्याचे पाणी उपसून त्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्याबरोबर शिशाचे नळ आले आणि एक काशाची तोटी आली. आत आरपार भोक असलेला गोल दट्ट्या. पाव फेरा दिला की वाट खुली, परत पाव फेरा दिला की बंद. १९४४ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्या नौका युद्धातल्या आगीत जळून खाक झाल्या. तोटीची ही कल्पना मात्र आजच्या सी-कॉकमध्ये जशीच्या तशी आहे. दोन हजार वर्षांत दट्ट्याचा आकार निमुळता झाला, पुढे त्या जागी चेंडू आला. पाव फेरा तोच राहिला. इतका टिकाऊ शोध आणि शोधकाचे नाव नाही, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात नेहमीचेच आहे.

तळाला भोक पाडून समुद्र मुद्दाम आत घेण्याची गरज प्रथम मोठ्या युद्धनौकांना पडली. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश लढाऊ जहाजावर आठशे-नऊशे माणसे असत. डेक धुवायला आणि आग विझवायला बालद्या पुरेनात, म्हणून एल्म झाडाचे अख्खे खोड आरपार पोखरून त्याचा पंप करत आणि त्याचे खालचे टोक जहाजाच्या तळातून थेट समुद्रात सोडत. याशिवाय बाजूला पाण्याखाली एक तोटी बसवून पाणी आतल्या हौदात घेण्याचीही पद्धत होती. अशाच एका तोटीने त्या शतकातला एक फार मोठा नौदल अपघात घडवला, आणि इथे आपल्याला थोडे थांबले पाहिजे.

‘रॉयल जॉर्ज’ हे शंभर तोफांचे जहाज १७५६ साली पाण्यात उतरले. १७५९ मध्ये किबरॉनच्या उपसागरात फ्रेंचांचा पराभव झाला तेव्हा ते इंग्रज नौसेनापती हॉक याचे ध्वजजहाज होते. २९ ऑगस्ट १७८२ च्या सकाळी ते पोर्टस्मथसमोर स्पिटहेडला नांगरले होते. जिब्राल्टरच्या मदतीला जाण्याची तयारी चालली होती. हौदाला पाणी पुरवणारी तोटी नादुरुस्त झालेली. ती पाण्याच्या रेषेच्या जेमतेम खाली होती, म्हणून गोदीत नेण्याची तसदी कुणी घेतली नाही. एका बाजूच्या तोफा मधल्या बाजूला ओढल्या, दुसऱ्या बाजूच्या बाहेर ढकलल्या आणि जहाज कलते केले, म्हणजे तोटी आपोआप पाण्याबाहेर येईल. कलल्या बाजूच्या खालच्या तोफखिडक्या उघड्याच होत्या. त्याच बाजूला रमची पिंपे चढवणारी लहान नौका येऊन लागली. पाणी खिडक्यांच्या उंबऱ्यावरून आत येऊ लागले. जहाजावरच्या सुताराने डेकवर जाऊन अधिकाऱ्याला सांगितले, जहाज सरळ करा. त्याचे ऐकले गेले नाही. थोड्याच वेळात जहाज आडवे झाले आणि बुडाले. जहाजावर असलेला नौसेनापती केंपेनफेल्ट आपल्या कक्षातच बुडाला. बंदरात उभे म्हणून खलाशांच्या बायका-मुले भेटीला आली होती. मृतांचा आकडा आठशेच्या वर जातो. लष्करी न्यायालयाने अधिकाऱ्यांना निर्दोष सोडले आणि दोष कुजलेल्या लाकडांवर ठेवला. लाकडे कुजली होती हे खरे असेल. पण पाण्याखालच्या लहान कामाला लहान समजण्याची चूक माणसांचीच होती, आणि सुतार म्हणत होता तेच बरोबर होते.

या अपघाताच्या वीसेक वर्षे आधीपासून आणखी एक गोष्ट घडत होती. लाकडाला भोके पाडणाऱ्या किड्यापासून आणि तळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांपासून बचाव म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. पत्रा उत्तम निघाला. त्याच्याजवळचे लोखंडी खिळे मात्र काही वर्षांत गळून गेले. खाऱ्या पाण्यात दोन निराळे धातू एकमेकांना लागले की त्यांची बॅटरी होते आणि दुबळा धातू झिजतो, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही याने उलट उपाय सुचवला: तांब्याला मुद्दाम जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो झिजेल आणि तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. पण ते विरघळेनासे झाले तसे त्याचे विषही पाण्यात उतरेनासे झाले, आणि शिंपले पुन्हा तळाला बसू लागले! नौदलाने वैतागून हा उपाय सोडून दिला. आज मात्र रेवस-करंजापासून मुरुडपर्यंत बोटीच्या तळाला, पंख्याच्या आणि सी-कॉकच्या जवळ, जस्ताची जी वडी ठोकतात ती डेव्हीचीच कल्पना आहे.

आता आपण मुंबईला येऊ, कारण खरे वळण इथे आले. बॉम्बे डॉकयार्डमध्ये वाडिया घराण्याच्या हाताखाली सागवानी युद्धनौका तयार होत होत्या. १८१७ साली इथे बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. १८२९ मध्ये याच गोदीतून ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची वाफेवर चालणारी आगबोट पाण्यात उतरली. प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. कोळसा इतका भरला होता की प्रवाशांसाठी जेमतेम जागा उरली. इतिहासात तिची नोंद टपालाचा मार्ग खुला करणारी बोट म्हणून होते. आपल्या मागोव्यात तिचे महत्त्व वेगळे आहे. शिडाच्या जहाजाला समुद्र बाहेर राहिला तरी चालतो. वाफेच्या जहाजाला तो अखंड आत यावा लागतो.

का, ते जेम्स वॉटपाशी जाऊन पाहावे लागते. त्याने १७६९ मध्ये पेटंट घेतलेल्या वेगळ्या कंडेन्सरमध्ये वापरलेल्या वाफेवर थंड पाण्याचा फवारा मारून तिचे पाणी करत. एक शेर वाफ थंड करायला पंचवीस-तीस शेर पाणी लागे. जमिनीवर त्यासाठी विहीर किंवा ओढा. जहाजावर तळातले भोक. इतकेच नाही, तर बॉयलरलाही हेच खारे मिश्रण पाजत. पाणी उकळून जाई, मीठ मागे राही. पेणच्या मिठागरात जे उन्हाने होते ते इथे बॉयलरच्या पोटात होत होते, आणि ते कुणालाच नको होते. समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे बत्तिसावा हिस्सा मीठ असते, म्हणून इंजिनीअर आपल्या क्षारमापकावर बत्तिसावे भागच मोजत. दोन-तीन बत्तिसांश झाले की तळाची दुसरी तोटी उघडून दाट पाणी वाफेच्या जोराने समुद्रात हाकलून द्यायचे. म्हणजे आत येण्याचे एक भोक, बाहेर जाण्याचे दुसरे, आणि दोन्ही पाण्याखाली. या तोट्या निसटू नयेत, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने अधिकच घट्ट बसाव्यात, म्हणून जॉन किंग्स्टन या इंग्रज कारागिराने बाहेरच्या बाजूला उघडणारी शंकूच्या आकाराची झडप केली. तिचे तत्त्व तेच: समुद्राचा दाब आपल्याविरुद्ध न वापरता आपल्या बाजूने वापरायचा. पुढे ‘किंग्स्टन व्हॉल्व्ह’ हे नाव जगभरच्या नौदलांत रुळले.

मुंबईत हे तंत्र ज्याने मनापासून आत्मसात केले तो अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जन्म १८०८. त्याच्या घराण्याची पुण्याई लाकडाची, पण याला वाफेचे वेड. १८३३ मध्ये त्याने ‘इंडस’ ही छोटी आगबोट पाण्यात उतरवली. पुढे इंग्लंडला जाऊन कारखाने पाहून आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झालेला तो पहिला भारतीय. त्याच वर्षी मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचा मुख्य इंजिनीअर म्हणून त्याने सूत्रे घेतली आणि युरोपीय कामगार त्याच्या हाताखाली आले. सागवानी तळाला भोक पाडून त्यात काशाचा नळ घट्ट बसवणे, म्हणजे सुताराची आणि ओतारीची विद्या एका ठिकाणी आणणे. ती आपल्या किनाऱ्यावर पहिल्यांदा या गोदीत एकत्र आली असे म्हणायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या फेरीबोटी कोकणच्या बंदरांना लागू लागल्या आणि भाऊच्या धक्क्यावरून धरमतरला जाणारी आगबोट पेण, अलिबाग, महाडकडच्या माणसाची नेहमीची वाट झाली. रस्ते पक्के होईपर्यंत पेणचा तांदूळ आणि मीठ पाण्यानेच जात होते. या खाडीने आगबोटींच्या तळाची खरी परीक्षा घेतली असणार. भरती-ओहोटीतला फरक मोठा, पाणी गढूळ, तळ चिखलाचा. ओहोटीला बोट चिखलाला घासली की तळाची जाळी चिखलाने भरते. मोठ्या जहाजांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे: पाणी घेण्याच्या दोन जागा, एक अगदी तळाशी आणि एक बाजूला जरा वर. खोल समुद्रात लाटांनी जहाज डोलते, वरचे भोक हवेत येते, म्हणून खालचे उघडायचे. बंदरात किंवा खाडीत शिरताना खालचे मिटायचे आणि वरच्याने पाणी घ्यायचे. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी जयगडहून धरमतरला माल आणणारी छोटी मालवाहू जहाजे अशाच प्रकारच्या चिखलट पाण्यात रोज वावरतात.

मधल्या काळातले टप्पे आपण भरभर ओलांडू. सॅम्युअल हॉल याने १८३४ मध्ये नळ्यांचा कंडेन्सर पेटंट केला. त्यात समुद्राचे पाणी नळ्यांभोवती फिरे, वाफेत मिसळत नसे. बॉयलर मिठापासून सुटला. पण पाण्याची भूक तशीच राहिली. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे डॅनिश जहाज बँकॉकच्या सफरीवर निघाले आणि बॉयलरच गेला. तळातले भोक मात्र गेले नाही, कारण डिझेलचा सिलिंडर थंड करावाच लागतो. आणि २१ जून १९१९ रोजी स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये नजरकैदेतल्या जर्मन आरमाराने स्वतःच्या जहाजांच्या तळाच्या तोट्या उघडल्या. ७४ पैकी ५२ जहाजे एका दिवसात तळाला गेली. एवढ्या आरमाराला बुडवायला शत्रूचा एकही गोळा लागला नाही.

आपल्या कोळीवाड्यांपर्यंत ही वस्तू आली ती स्वातंत्र्यानंतर. केरळात नींदकरा येथे १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने मच्छीमार बोटींना इंजिने बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला, आणि मुंबई राज्यानेही त्याच दशकात इंजिनासाठी कर्जे दिली. शिडाच्या बोटीत इंजिन बसवायचे म्हणजे तळाला दोन भोके आली: एक पंख्याच्या दांड्यासाठी, एक थंड पाण्यासाठी. ज्या सुताराच्या बापजाद्यांनी एकही फट राहू न देण्यात हयात घालवली, त्याच्याच हाती गिरमिट देऊन ‘इथे भोक पाड’ म्हणण्याचा तो क्षण होता. नियोप्रीनसारखे तेलाला न दबणारे कृत्रिम रबर १९३० च्या दशकात आल्यावर रबरी पाकळ्यांचा पंप शक्य झाला होता. तो लहान आहे, स्वस्त आहे, आणि त्याचा एक दोष आहे: पाण्याशिवाय काही मिनिटे फिरला की पाकळ्या जळून तुटतात. म्हणजे गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली तरी इंजिन तापण्याआधी पंप मरतो. आजच्या खाडीत ही पिशवी चिखलापेक्षा जास्त त्रास देते.

मुंबई परिसरात आणखी एक पाहुणा शिरला. मध्य अमेरिकेच्या खाड्यांतला एक लहान शिंपला जहाजांच्या तळाला चिकटून भारतात आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो विशाखापट्टणमला आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीतल्या अभ्यासकांनी त्याची नोंद केली. थंड पाण्याचे नळ ही त्याची आवडती जागा: अंधार, वाहते पाणी, आयते अन्न. १९९९ मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बोटतळांत दिसला, तेव्हा तिथल्या सरकारने बोटतळांची दारे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले आणि त्याचा नायनाट केला. आपल्याकडे तो मुक्कामाला राहिला.

आता उरते धातूची गोष्ट, आणि इथे माझे मत थोडे कडक आहे. पाण्याखालचे काम गनमेटलचे किंवा चांगल्या काशाचे असावे, म्हणजे तांबे आणि कथील, जस्त थोडेच. प्रत्यक्षात बाजारात सर्रास मिळते ते घरगुती नळाचे पितळ, ज्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जस्त असते. खारे पाणी त्यातले जस्त तेवढे हळूहळू खाऊन टाकते. आकार तसाच राहतो, आटे तसेच दिसतात, पण उरते ते सच्छिद्र, गुलाबीसर तांबे, जे हातोडीच्या हलक्या टोल्याने फुटते. तीच गोष्ट गेट व्हॉल्व्हची. घरच्या टाकीला तो ठीक. बोटीत नको, कारण तो उघडा आहे की मिटलेला ते बाहेरून कळत नाही आणि बैठकीत चिखल अडकला की पुरता मिटत नाही. पाव फेऱ्याच्या तोटीची मूठ पाईपच्या रेषेत असेल तर वाट खुली, आडवी असेल तर बंद. अंधारात हाताला कळते. लाखो रुपयांच्या इंजिनाला काही शे रुपयांचे पितळ लावण्यात कसली बचत आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपूर्वीच्या या दिवसांत रंग आणि जाळी यांबरोबर तळाकडेही वेळ द्या. प्रत्येक सी-कॉकची मूठ पूर्ण फिरवून बघा. अडखळत असेल तर सोडवा, ग्रीस भरा. बाहेरच्या नळीवर सुरीने ओरखडा काढा. पिवळा चमकला तर ठीक, गुलाबी दिसला तर ती नळी याच वर्षी बदला. जस्ताची वडी अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर नवी ठोका, आणि तिला रंग लावू नका, रंगाखाली ती काम करत नाही. आणि प्रत्येक भोकाच्या मापाचे मऊ लाकडाचे निमुळते बूच त्या त्या तोटीलाच दोरीने बांधून ठेवा.